एक क्लिक, एक बशी पोहे

"एक क्लिक म्हणजे एक बशी पोहे," असं तुमच्या आत्याआजी म्हणायच्या. परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की ज्यांनी टीव्हीचा रिमोट शेवटपर्यंत उलटा धरला, त्यांनी इंटरनेटवरच्या जाहिराती कशा काय सांभाळल्या? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, कारण तिकडे बेंगळुरूत तुमची कुठली तरी मीटिंग नेहमी सुरू व्हायची असते. म्हणून लिहून पाठवते आहे. सवडीने वाचा.

आधी त्या कोण ते नीट सांगते, कारण तुम्ही त्यांना पाहिलंत ते सुट्टीपुरतं. आजोबांच्या त्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. रविवार कारंजाजवळ एक जिना चढून गेलं की दोन खोल्यांत त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं. यजमान लवकर गेले तेव्हा पोटासाठी सुरू केलेलं ते काम, गुडघ्यांनी जिना नाकारला तोपर्यंत त्यांनी केलं. निम्म्या नाशिकची लग्नं आपण जमवली असं त्या सांगत. उरलेल्या निम्म्या नाशिकची वेळेवर मोडली असंही सांगत, आणि अभिमान त्यांना या दुसऱ्या कामगिरीचाच जास्त होता.

माणूस दारात आला की त्या आधी त्याच्या चपला बघत, तोंड नंतर. स्थळाच्या माहितीचा कागद त्या खालून वर वाचत. 'अपेक्षा' खाली लिहिलेल्या असतात आणि माणूस खरा तिथेच सापडतो, असं त्यांचं म्हणणं. "वर सगळे निर्व्यसनी आणि सुस्वभावीच असतात." ही सवय पुढे इतकी जडली की त्या काहीही शेवटूनच वाचत. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून, लग्नपत्रिका 'कृपया आहेर आणू नये' पासून आणि माझी वाणसामानाची यादी साबणापासून. माझी यादी नेहमी धान्य, डाळी, मसाले आणि मग वरची किरकोळ अशी लावलेली असते, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या चष्मा कपाळावर सारून म्हणायच्या, "वहिनी, साबण दर वेळी शेवटी लिहितेस. म्हणजे खरा साबणच संपलाय, बाकीचं उगाच." आणि पुष्कळदा खरा साबणच संपलेला असे.

पोहे मात्र त्या खात नसत. आमच्याकडे पोहे केले की त्यांच्यासाठी वेगळा उपमा टाकावा लागे. "पोह्यांची बशी दिसली की मला मुलीच्या बापाचा चेहरा दिसतो," असं त्या म्हणत. "बघायला येतात सहा जण. मावशी येते, मावशीची जाऊ येते, शेजारचा एक जण गाडीत जागा होती म्हणून येतो. सगळे खातात, वर चहा घेतात, आणि आठ दिवसांनी उत्तर काय, तर मुलीची उंची कमी. अरे, उंची फोटोमागे लिहिली होती!" बघायला येणारे तीन जातींचे असतात, असा त्यांचा सिद्धांत होता. लग्नाला आलेले, पोह्यांना आलेले, आणि बाहेर ऊन होतं म्हणून आत आलेले. मध्यस्थाचं काम एवढंच, की दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीचा माणूस मुलीच्या बापाच्या दारापर्यंत पोचूच नये.

हा सिद्धांत जुना होऊन फळीवर पडला असता. पण तळमजल्यावर दौलतराव आणि त्यांची सून प्रणिता राहायचे.

दौलतराव देवळ्याकडचे. तरुणपणी अंबडला कारखान्यात लागले, मग स्वतःची छोटी शेड घेतली आणि एक प्रेस बसवली. पत्रा दाबून आकार द्यायचं ते मोठं मशीन असतं ना, ते. एका मोठ्या कारखान्याला ते सुटे भाग पुरवत. त्या कारखान्याने एक दिवस ते काम दुसरीकडे दिलं, आणि दौलतरावांनी प्रेसवर ताडपत्री टाकली. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बाहेर. दिंडोरीचा एक माणूस द्राक्षबागांसाठी लोखंडी अँगल बनवायचा, तो शेडसकट प्रेस घ्यायला तयार होता. तेवढ्यात प्रणिताने त्याच प्रेसवर एक विळी काढून दाखवली. पाट दुमडून ठेवता येईल अशी, पुढे नारळाची खोवणी असलेली, आणि पात्याला धार अशी की भोपळा बघूनच दुभंगावा. तिने नाव दिलं 'दौलतरावांची विळी', आणि इंटरनेटवर विकायला काढली.

दौलतरावांनी मुदत दिली. "दिवाळीपातुर बघू. धंदा दिसला तर ठीक, नाय तर प्रेस दिंडोरीला. झाकल्याली प्रेस मला बघवत नाय."

श्रावणातल्या एका सकाळी प्रणिता लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. जाहिरातीचं सगळं इंग्रजीत यायचं, आणि काही शब्द तिला अडत होते. वन्सं माझ्याकडेच मेथी निवडत बसल्या होत्या.

"काकू, रोजची मर्यादा ठरवून दिलीय मी," प्रणिता म्हणाली. "लोक शोधतात, आपली जाहिरात वर येते, ते दाबतात आणि आपल्या पानावर येतात. पण अकरा वाजेपर्यंत दिवसाचे पैसे संपतात, आणि विळी एकही जात नाही."

वन्संनी मेथीतून मान वर केली. "दाखवायचे पैसे पडतात का?"

"नाही आत्या. दाबलं की पडतात."

"घेतलं नाही तरी?"

"तरी."

"नुसतं येऊन, इकडे तिकडे बघून, गेला तरी?"

"हो ना!"

वन्संनी जुडी खाली ठेवली. "अगं, मग हे पोहेच झाले की!"

त्या क्षणापासून त्यांनी जाहिरातीचा कब्जा घेतला. रोज सकाळी अंघोळ करून, केसांत काळी क्लिप लावून त्या लिफ्टने खाली यायच्या. प्रणिता लॅपटॉप उघडायची, मी इंग्रजी वाचायची आणि वन्सं डोळे मिटून ऐकायच्या. आकडे त्यांना नको असत. "कोण आलं ते सांग," एवढंच. म्हणजे काय शब्द लिहून लोक आपल्या दारात आले, ते मी वाचून दाखवायचं.

"विळीला घरच्या घरी धार कशी लावावी," मी वाचायची.

"याच्याकडे विळी आहे. पोह्यांना आलेला. पुढे."

"विळीचं सोपं चित्र."

"शाळेतलं पोर. बाईंनी चित्र काढून आणायला सांगितलंय. पुढे."

"विळीवर बसल्याने गुडघे दुखतात का?"

वन्सं स्वतःचे गुडघे चोळायच्या. "हो म्हणून कळव. आणि याला परत घरात घेऊ नकोस."

अशा नको असलेल्या शब्दांची एक यादी जाहिरातीला देता येते. ते शब्द कुणी लिहिले तर आपली जाहिरात त्याला दिसतच नाही. प्रणिताने ही सोय दाखवली तेव्हा वन्संचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला. आयुष्यभर त्यांनी नकार कळवले होते, पण पाहुणे येऊन खाऊन गेल्यावर. येण्याआधीच नकार कळवायची सोय देवाने आता काढली, असं त्या म्हणाल्या. यादीचं नाव त्यांनी ठेवलं, 'योग नाही'. प्रणिताच्या लॅपटॉपवर ते अजून तसंच आहे.

मोठ्या कंपन्यांचंही त्यांनी एका दमात आटोपलं. 'किचन नाइफ' असं कुणी शोधलं की आपली जाहिरात वर यावी म्हणून प्रणिता बोली लावायची, एका क्लिकला किती देणार त्याची. तिथे सगळे बडे चाकूवाले उभे, प्रत्येक क्लिकला चढी बोली. "हुंडा देणाऱ्यांच्या मांडवात आपण गुडघ्याला बाशिंग बांधून कशाला जायचं?" वन्सं म्हणाल्या. "ज्याला विळीच हवी आहे, तो 'खोवणी असलेली दुमडायची विळी' असं लांबलचक लिहील. तो एकटा येईल, पण लग्नाला आलेला असेल." आणि तसे शब्द खरंच फार स्वस्त पडायचे, कारण ते लिहिणारी माणसं थोडी आणि त्यांच्यासाठी भांडणारं कुणीच नाही.

मग जाहिरातीचा मजकूर. प्रणिताने लिहिलं होतं, 'सर्वोत्तम दर्जा! आजच मागवा!' वन्संनी ते निर्व्यसनी आणि सुस्वभावी या सदरात टाकलं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं: 'जमिनीवर बसून वापरायची जड विळी. ओट्यावर चालणार नाही.' पुढे किंमत.

दौलतराव संध्याकाळी तणतणत वर आले. "आत्याबाई, गिऱ्हाईक आणायचं का पळवायचं? जड म्हनं! चालनार नाय म्हनं! असं कुनी आपल्या मालाबद्दल लिव्हतं व्हय?"

"दौलतराव, विळी जड आहे का नाही?"

"जड हाय. हलकी आसंल तर हालंल ना चिरताना!"

"मग तेच लिहिलंय. मुलगा ठेंगणा असला तर आधी सांगावं. ज्यांना उंच हवा ते येतच नाहीत, पोहे वाचतात. जे येतात ते ठेंगणा चालेल म्हणून येतात."

दौलतराव स्वतः ठेंगणेच होते. ते माझ्याकडे बघू लागले. मी चहा टाकायला आत गेले.

आता तुम्हाला वाटेल की वन्सं म्हणजे जाहिरातक्षेत्रातला मोठाच चमत्कार. तर तसं नव्हतं. शनिवारी त्यांनी जाहिरात बंद ठेवायला लावली, कारण शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत.

"आत्या, ऑनलाइनला वार नसतो," प्रणिता म्हणाली.

"ऑनलाइनला नसेल. घेणारीला असतो. तिची सासू बसलीय ना घरात."

पुढे प्रणिताने त्यांना न सांगता एक शनिवार चालू ठेवला, तर पुण्यामुंबईहून दोन-तीन विळ्यांची मागणी आली. आता काय म्हणतील या उत्सुकतेने मीच त्यांना ते वाचून दाखवलं. वन्संनी शांतपणे ऐकलं. "घेऊ देत. त्यांची साडेसाती त्यांच्यापाशी. आपण रविवारी रवाना करू." त्यानंतर शनिवारी लॅपटॉप उघडला की त्या खिडकीबाहेर बघायच्या.

दुसरं त्यांचं खूळ म्हणजे ठरता ठरता मोडलेल्यांना फोन. कुणी विळी निवडायची, नाव-पत्ता-फोन लिहायची आणि पैसे भरायच्या आधी निघून जायची. दुकानदार अशाला एक संदेश पाठवून गप्प बसतो. वन्संच्या दृष्टीने हा साखरपुडा मोडण्याचा प्रकार. त्या प्रणिताच्या फोनवरून सरळ फोन लावायच्या. "कुठे अडलं?" हा पहिला प्रश्न, ओळखपाळख नंतर.

चिंचवडच्या एका बाईंशी त्या अशा बोलायला बसल्या की माझा स्वयंपाक होऊन गार झाला तरी बोलतच होत्या. अडलं होतं ते जागेवरून. एवढ्याशा स्वयंपाकघरात विळी ठेवायची कुठे, कारण दिराचं लग्न जमत नाही, त्यामुळे त्याचंही सामान तिथेच. दीर काय करतो, उंची किती, अपेक्षा काय, असं शेवटून सुरू करून वन्संनी सगळं काढून घेतलं. विळी काही गेली नाही. पण महिन्याभराने त्या दिराचं आपल्या गंगापूर रोडच्या एका मुलीशी ठरलं. वन्सं साखर घेऊन खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, जाहिरातीच्या खात्यात हेही लिही. क्लिक त्याच बाईचा होता."

"कुठल्या रकान्यात लिहू, वन्सं?" मी विचारलं. जाहिरातीची वही मीच लिहायची, आणि माझे रकाने नेटके असतात. लग्नाचा त्यात नव्हता.

"विक्रीच्या," त्या म्हणाल्या. "आणि कुठल्या?"

मी तो लिहिला नाही. पण साखर घेतली.

तोवर विळ्या हळूहळू जायला लागल्या होत्या. गणपतीत ताडपत्री प्रेसवरून कायमची निघाली आणि प्रणिताने जुना एक कारागीर परत बोलावला. दौलतराव मात्र मुदतीवर अडून होते. "दोन-चार इळ्या गेल्या म्हंजी धंदा नव्हं. दिवाळी होऊ द्या."

आणि नेमकं दसऱ्यानंतर, जेव्हा लोक भांडीकुंडी घ्यायला लागतात त्याच आठवड्यांत, जाहिरातीचे पैसे पुन्हा सकाळीच संपू लागले. नको असलेल्या शब्दांतलं कुणी नव्हतं. आलेले सगळे अगदी 'दौलतरावांची विळी' असं नाव लिहून आलेले. लग्नालाच आलेले म्हणायचे, आणि घेत मात्र कुणीच नव्हतं. प्रणिता रडकुंडीला आली. दिवाळीत जाहिरात दुपारी गायब राहिली तर काय विकणार, आणि मर्यादा वाढवावी तर दौलतराव म्हणणार, बघा, घालावं तेवढं वायाच जातंय.

कुठल्या गावाहून किती जण आले, ते मी वाचून दाखवलं. सगळ्यांत वर नाशिक.

वन्संनी डोळे उघडले. "नाशिकला एकाएकी एवढी भूक कुणाला लागली?"

त्या दुपारी आमच्या इमारतीतल्या बायकांची भिशी होती. वन्सं सहसा यायच्या नाहीत, त्या दिवशी आल्या आणि मधोमध बसल्या. "प्रणिताची जाहिरात कुणी बघितली का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"अहो आत्या, बघितली काय, रोज बघतो!" समोरच्या विंगेतल्या बाई म्हणाल्या. "पूजा झाली की मी आधी तिचं नाव लिहिते आणि दाबते. हजेरीच लावते म्हणा ना."

"मी तर यांच्या फोनवरूनही दाबते," दुसरी म्हणाली. "तेवढाच पोरीला हातभार."

"मी माहेरच्या ग्रुपवर टाकलंय. सगळ्या दाबतात!"

एकीने तर दिवाळीपर्यंत रोज दाबायचा नेम केला होता. प्रणिता माझ्या शेजारी बसली होती. तिने डोक्याला हात लावला नाही, हे तिचे संस्कार.

इथे वन्संची खरी परीक्षा होती. एवढ्या प्रेमाने दाबणाऱ्या बायकांना दाबू नका असं सांगायचं, आणि तेही कुणी रुसणार नाही अशा बेताने. त्यांनी आधी प्रत्येकीचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "एक सांगते हं. घरच्या कार्यात आपण पहिल्या पंगतीला बसतो का गं?"

"छे हो! पाहुण्यांची झाल्यावर. उरलं तर."

"या जाहिरातीत रोज मोजकीच पानं मांडलेली असतात. सकाळी सकाळी आपणच बसून घेतो, आणि पुण्याचे पाहुणे येतात तेव्हा भात संपलेला."

मग सगळ्यांत आधी ती नेमवाली म्हणाली, "अगं बाई! आणि मी दोनदा बसत होते!" सगळ्या हसल्या आणि कुणी रुसलं नाही. नेम तिने बदलून घेतला, ते दिवस जप करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून क्लिक उतरले, पण निम्मेच. उरलेले अजून नाशिकचेच होते, आणि दुपारी चहाच्या वेळेला यायचे. वन्संनी थोडा विचार केला आणि मला म्हणाल्या, "वहिनी, साडी बदल. अंबडला जाऊन येऊ."

शेडपासून थोडं अलीकडेच त्यांनी रिक्षा थांबवली. शेडच्या दारात बाकावर दौलतराव बसले होते, भोवती आजूबाजूच्या शेडमधली त्यांची जुनी मित्रमंडळी, हातात चहाचे पेले. आत प्रेस चालू होती, त्यामुळे दौलतराव ओरडून बोलत होते.

"लिव्हा, दौलतरावांची इळी. आली का वर? लय वर येती. दाबा आता. हां! हे बघा. दौलतराव. कोन? अहो मीच की!"

मंडळी दाबत होती आणि माना डोलवत होती. एक जण नवा आला, तर त्याचाही फोन त्यांनी मागून घेतला.

मी उतरायला निघाले, तर वन्संनी माझा हात धरला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "परत चला."

"सांगायला नको का त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगू? आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनचे भाग पाडले त्या माणसाने. कशावर नाव नव्हतं त्याचं. आज जगाला दाखवतोय, तर मी त्याला पोह्यांचा हिशोब देऊ?" रिक्षा सिडकोत आली. मग म्हणाल्या, "असं करता येतं का गं, की नाशिकात ती दिसूच नये?"

करता येत होतं. प्रणिताने जाहिरातीतून नाशिक वगळलं. पैसे दिवसभर पुरायला लागले, मागण्या वाढल्या, पुण्याच्या एका सोसायटीतून तर एकदम पाच विळ्या गेल्या. वन्सं स्वतःवर इतक्या खूश होत्या की त्यांनी मला उपमा करायला सांगितला.

आणि दोनच दिवसांत दौलतराव वर आले. नेहमीसारखे तणतणत नाही. दारात उभे राहिले, चपला काढून पुन्हा पायात घातल्या.

"आत्याबाई, माझं नाव गेलं."

"कुठून गेलं?"

"फोनातून. काल दिसलं नाय, आज दिसलं नाय. सगळ्यांच्या फोनात बघितलं. प्रणितानं बंद केली आसंल. पोरगी मला सांगत नाय, वाईट वाटंल म्हनून." त्यांनी टोपी काढली. "मी दिंडोरीवाल्याला फोन केलाय. बेस्तवारी इसाराचे पैसे घिऊन येतोय. आता दिवाळीची वाट कशाला बघायची?"

वन्संचा चेहरा मी पाहिला. माणसाचं मन राखायला केलेली त्यांची युक्ती त्याच माणसाच्या गळ्याशी आली होती. त्यांनी प्रणिताला हाक मारली. ती धावत आली, तिने मागण्या दाखवल्या, पत्ते दाखवले.

"हे तू लिव्हल्यालं हाय, पोरी. हे कुनीबी लिव्हील."

"पप्पा, जाहिरात चालू आहे. फक्त इथे दिसत नाही. पुण्याला दिसते, मुंबईला दिसते, बेंगळुरूला दिसते."

"कुनी बघितली?"

प्रणिताने वन्संकडे पाहिलं. वन्सं माझ्याकडे बघत होत्या.

तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी कामाच्या वेळात मी तुम्हाला एक निरोप पाठवला होता, की असे असे शब्द शोधा, सगळ्यांत वर जे येईल त्याचा फोटो काढून पाठवा, पण दाबू नका. 'दाबू नका' मी तीनदा लिहिलं होतं. त्यावर तुमचा उलट निरोप आला, 'आजी, तुझी तब्येत बरी आहे ना?' मी उत्तर दिलं नाही, कारण दौलतराव माझ्या खुर्चीच्या मागे उभे होते.

मग फोटो आला. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. वर तुमच्या बेंगळुरूचं नाव होतं, आणि खाली पहिल्याच ओळीत मराठीत त्यांचं.

"बेंगळुरूत?" ते म्हणाले. "तिथं कोन वळखतं मला?" आणि सवयीने त्यांनी आपल्या नावावर बोट टेकवलं.

"दाबू नका!" मी आणि प्रणिता एकदमच ओरडलो.

तव्याला लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला. "का बरं?"

दौलतरावांनी आमच्या तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. एवढी वर्षं धंदा केलेला माणूस. त्यांच्या लक्षात आलं.

"म्हंजी मी आन् शेडवरची ती सगळी... रोज दुपारी..."

"दाबा हो, दौलतराव," वन्सं मध्येच म्हणाल्या. "हा नुसता फोटो आहे. याला पैसे पडत नाहीत. हवं तितक्या वेळा दाबा."

दौलतरावांनी फोन दोन्ही हातांत धरला. अंगठ्याने एकदा दाबलं, हळूच. काही उघडलं नाही. मग पुन्हा एकदा दाबलं. फोन माझ्याकडे परत देताना त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

"प्रणिता," ते म्हणाले, "त्या दिंडोरीवाल्याला फोन लाव. येऊ नको म्हनावं. प्रेस रिकामी नाय."